गळ्यातली मेंढी

मला आळशी म्हणणारी माणसं एकेक करून वर गेली, आन् मी अजून ओसरीवर बसून शेंगा फोडतेय. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे गोष्ट ऐकताना उगं डोळ्याला पदर लावू नका.

मी गिरिजाबाई. अणदूरच्या वाण्याची सून. पुढं किराणाचं दुकान, मागं शेंगांचं कोठार आन् कोठाराला लागून घर. आमी लिंगायत. गळ्यात लिंग. आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आरती म्हणायची, मग तोंडात पाण्याचा थेंब. मांस-मच्छीचं तर बोलूच नका, कुणी अंड्याचं नाव काढलं तरी माझ्या सासूबाई चूळ भरून यायच्या. सासूबाईंचं नाव नागम्मा, आमी त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांचं माहेर कानडी मुलखातलं. थोडा राग आला तर कानडीत बोलायच्या आन् लई राग आला तर मराठीत, कारण मराठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाबी कळायचं.

राज्य निजामाचं होतं. तिकडं इंग्रज साहेबाची लढाई चाललेली, इकडं रॉकेल मिळंना. त्या दिवसांतली ही गोष्ट.

मी काय जन्माची सुस्त न्हवते. परंड्याची लेक हाय मी. किल्ल्याच्या तटावरनं पोरांबरोबर पळायची, आईच्या शिव्या खाली, मी वर. लग्न होऊन अणदूरला आले तेव्हा घागरीवर घागर घेऊन आडावरनं घरापतुर एका दमात यायची. आन् गळा असा, की हळद कुणाकडं असो, पाळणा कुणाकडं असो, बोलावणं आधी मला. कानडी गाणी मला आत्याबाईंनीच शिकवली. माझा आवाज लागला की त्या भाकरी थापता थापता थांबायच्या. तोंडानं कधी चांगलं म्हटलं न्हाय, पण थांबायच्या.

धाकटी लेक झाली, रांगायला लागली, आन् तिथनं माझं बिघडलं.

आधी शिडी. माळवदावर कुरडया वाळत घालायला चढले की अर्ध्यात छाती भरून यायची. मग आडाची वाट. मग नुसतं अंगण झाडलं तरी धाप. पुढं पुढं तर आडवं पडलं की कुणी छातीवर पाटा ठेवलाय असं व्हायचं, म्हणून जवारीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपायची. तोंड सुजलं, डोळ्याच्या पापण्या फुगल्या, भुवया कडेकडेनं झडल्या. वैशाखात अख्खं गाव उघड्यावर पडलेलं आन् मी घोंगडी पांघरून बसलेली. आवाज तर असा घोगरा झाला की धाकटी लेक दचकायची.

सगळ्यांनी ठरवलं, दमा हाय. वैद्यानं अडुळशाचा काढा दिला. प्याले. दुसऱ्यानं सांगितलं, धोत्र्याच्या पानाची विडी ओढा. तीबी ओढली! वाण्याची सून कोठारात बसून विडी ओढते आन् सासू दारात पहाऱ्याला बसते, असलं सोंग अणदुरात आधी कुणी बघितलं नसंल. खोकला आला, डोकं गरगरलं, श्वास काय आला न्हाय.

आत्याबाईंचे भाऊ शरणबसप्पा मामा आमच्याच गल्लीत राहायचे. दुकानावर येऊन बसायचे, सुपारी कातरायचे आन् मोठ्यानं बोलायचे. "कसला दमा? कामाचा कंटाळा हाय झालं. खाऊन खाऊन अंग सुटलंय, मग धाप लागंल न्हाय तर काय!" मी खायची अर्धी भाकरी, तीबी रेटून. पण उत्तर द्यायला श्वास लागतो. तोच न्हवता. तोंडाशी आलेलं बोलता येईना, याचा मला जितका राग यायचा तितका आजाराचाबी न्हाय.

मग मामांच्याच नातीची हळद आली. बायकांनी मला पुढं बसवलं. म्या पहिली ओळ उचलली आन् ती मधेच तुटली. पुन्हा उचलली, पुन्हा तुटली. बायका एकमेकींकडं बघाया लागल्या. ओसरीवरनं मामा म्हणाले, "रेडा कुणाचा हंबरला रे?" सगळे हसले. मी उठले, भिंतीला धरत धरत घरी आले आन् मालकांना, म्हणजे आमच्या धन्याला, म्हटलं, "मला सोलापूरला न्या. न्हाय नेलं तर मी एकली मोटारीत बसते."

आमचे मालक, विरुपाक्ष त्यांचं नाव, आता म्हातारपणी घ्यायला कसली लाज, लई गरीब माणूस. आईपुढं मान वर करायची न्हाय. पण त्या दिवशी माझ्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणाले, "दुकानाचा माल आणायचाच हाय. चल."

सोलापूरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. काष्टा घातलेल्या, चष्मा लावलेल्या, बोलायला माझ्याहून फटकळ. छातीला नळी लावली, जीभ बघितली, भुवया बघितल्या, हात हातात धरून म्हणाल्या, "एवढे गार?" मग मला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आन् टाचेच्या वरच्या शिरेवर रबराची हातोडी मारली. पाय हलला. पण परत यायला विसरला! सावकाश, कंटाळत, जागेवर गेला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मारली, पुन्हा तसंच. त्या टाळी वाजवून हसल्या.

म्हटलं, "माझा जीव चाललाय आन् तुम्हाला हसू येतंय व्हय?"

"हसते, कारण सापडलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दमा नाही. कधीच नव्हता. इथं हात लावा, गळ्यात, कंठाच्या खाली. इथं एक गाठ असते, थायरॉईड म्हणतात. तिच्यातून एक रस निघतो, त्यावर सगळं शरीर चालतं. तुमची गाठ झोपी गेली आहे. म्हणून हातपाय गार, आवाज जड, काळीज संथ, छातीभोवती पाणी साठलेलं. म्हणून श्वास पुरत नाही."

दोन वर्षं जे मी कुणाला पटवू शकले न्हाय, ते ह्या बाईनं माझ्या पायाला विचारून घेतलं. मला रडू कोसळलं. आळशी न्हाय मी. ऐकलं का मालक, आळशी न्हाय!

"औषध हाय का?" मालकांनी विचारलं.

"आहे. पण आधी सांगते, मग घ्या." त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं गेली. त्या डबीत लिंग असतं, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत न्हाय. "ह्या गोळ्या मेंढीच्या गळ्यातल्या त्याच गाठीच्या करतात. वाळवून, कुटून. दुसरं काही औषध माझ्यापाशी नाही, कुणापाशीच नाही. आणि एकदा घेऊन भागायचं नाही. रोज घ्यायची, जन्मभर."

मालकांचं तोंड पांढरं पडलं. म्या विचारलं, "न्हाय घेतली तर?"

"आज शिडी चढवत नाही. पुढं बसल्या जागी श्वास पुरणार नाही. मग बसायलाही उरणार नाही तुम्ही."

म्या शिशी घेतली. मालक आईला अव्वा म्हणायचे. बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाले, "गिरिजा, अव्वाला सांगू नको. झाडपाल्याच्या गोळ्या हायत म्हणू."

"आत्ताच काय सांगत न्हाय, आन् विचारलं तर खोटं बोलत न्हाय," म्या म्हटलं.

विचारणारा घराच्या आधीच भेटला. परतीच्या मोटारीत पुढच्या बाकावर कोण असावं? शरणबसप्पा मामा! बाजारहाट करून निघालेले. आन् तेव्हा सोलापूर इंग्रजाचं, अणदूर निजामाचं. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. जकात घेणारे लोक मोटार थांबवून पोत्यापिशव्या उलट्यापालट्या करायचे. नाक्यावरच्या जमादारानं माझ्या पिशवीतनं शिशी काढली, उन्हात धरली, हलवून बघितली. "क्या है ये? अफू तो नहीं?"

मालक म्हणाले, "दवा, दवा हाय."

"काहे की दवा?"

मालक माझ्याकडं बघाया लागले. जमादार शिशी काय परत देईना, वरच्या साहेबाला दाखवतो म्हणाला. साहेबाकडं गेलेली वस्तू परत येत नसते, हे आमच्या राज्यात लहान पोरालाबी ठाऊक. माझं डोकं फिरलं. "मेंढीच्या गळ्याची गाठ हाय ती! माझ्या गळ्यासाठी! माझा श्वास हाय त्यात, द्या इकडं!"

जमादारानं शिशी अशी पटकन परत दिली की ती त्याला चावली असावी. आन् पुढच्या बाकावर मामांची मान सावकाश मागं वळली.

अणदुरात मोटार थांबली तसे मामा धोतर सावरत सुटले. मी त्यांच्या मागं. पण मी कसली पळणार? वडाशी थांबले, धाप. कुणाच्या तरी ओट्याशी थांबले, धाप. दुकान दिसाया लागलं तिथं पुन्हा बसले. मामा केव्हाच आत जाऊन, सांगून, बाहेर येऊन उभे राहिले होते. अख्खी गल्ली गोळा.

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या. मराठीत बोलल्या, त्यावरनं समजा. "शिशी उकिरड्यात टाक आन् आत ये. न्हाय टाकायची तर लिंग काढून ठेव आन् बाहेर राहा. गळ्यात लिंग आन् गळ्यातनं मेंढी, हे माझ्या घरात चालायचं न्हाय."

मी पायरीवर बसले. श्वास जमेपतुर सगळे वाट बघत उभे. मग म्हटलं, "शिशी टाकत न्हाय. लिंगबी काढत न्हाय. ते तुमी बांधलेलं न्हाय, मी जन्मले तेव्हा गुरूनं बांधलंय. काढायचं तर गुरूच काढंल."

"रेवणय्या स्वामी येऊ देत," मामा म्हणाले. "तेच काढतील."

मठाचे रेवणय्या स्वामी तेव्हा अक्कलकोटाकडं गेलेले. ते येईपतुर मी कोठारात राहायचं, घरच्या चुलीला शिवायचं न्हाय, असं आत्याबाईंनी ठरवलं. म्हणजे स्वामी आले की एकतर माझं लिंग जाणार, न्हायतर गोळी सोडून श्वास जाणार. मामांनी पुन्हा सुपारी काढली.

म्या पाणी मागितलं. कुणी हाललं न्हाय. मग आमचे मालक, ज्यांनी आईपुढं कधी मोठ्यानं शिंकसुद्धा दिली नसंल, ते आत गेले, तांब्या घेऊन आले आन् सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तशी गोळी मोडून अर्धी जिभेवर ठेवली आन् गिळली. लिंगाच्या डबीशेजारनं ती खाली उतरली. वीज पडली न्हाय, धरणी फाटली न्हाय. तिची चव मात्र घाण होती, खोटं कशाला सांगू.

कोठारात शेंगांचा वास, उंदरांचा सुळसुळाट. पोरी दिवसभर माझ्यापाशी, जेवायला आत. माझं मी दगडाच्या चुलीवर शिजवायची. कोठाराच्या मागल्या दारासमोर चाँदपाशा शिंप्याचं घर. त्याची बायको ताहेराबी उंबऱ्यावर बसून काज-बटणं करायची आन् माझी चेष्टा करायची. "गिरिजाबाई, आमी तर अख्खी मेंढी खातो. आमाला कुठं काय झालं? तुमी एवढीशी खाऊन काय पहिलवान व्हणार व्हय?"

पहिले काही दिवस काहीच न्हाय. मालक रोज सकाळी येऊन विचारायचे, "काय फरक?" मी मान हलवायची. एकदा तर म्हटलं, फेकून द्यावी शिशी, उगं बदनामी कशाला.

मग पाणी उतरायला लागलं. लघवीला जाऊन जाऊन मी कंटाळले. बांगड्या, ज्या मनगटात रुतलेल्या, त्या सैल होऊन वाजाया लागल्या. डोळे उघडले. आन् एका दुपारी कोठार झाडताना मला कपाळावर काहीतरी ओलं लागलं. वर बघितलं, माळवद गळतंय का? चैत्र, आभाळात ढग न्हाय. पुन्हा हात लावला. बाई गं, घाम!

"ताहेराबी!" म्या हाक मारली. "घाम आला! मला घाम आला!"

ती सुई तशीच धरून धावत आली. तिला वाटलं साप निघाला. मी कपाळ पुढं केलं. दोन वर्षांत मला घाम आला न्हवता, घोंगडीखालीसुद्धा. तिनं पदरानं माझं कपाळ टिपलं न्हाय, उलट म्हणाली, "राहू द्या, राहू द्या, दिसू द्या सगळ्यांना!" आमी दोघी येड्यासारख्या हसलो. आन् हसता हसता माझ्या ध्यानात आलं की मी हसतेय, आन् धाप लागत न्हाय.

त्या दिवशी पोत्याला टेकायचं सोडून मी जमिनीवर सपाट आडवी झाले. पाठ टेकली. छातीवर पाटा न्हवता. वाशांकडं बघत मी नुसता श्वास घेत राहिले, आत आन् बाहेर. इतकं सुख मला लग्नातबी झालं न्हवतं.

स्वामी आले तोवर गोळी अर्धीची एक झालेली आन् माझं तोंड पुन्हा माझं झालेलं.

मठाच्या पडवीत बैठक बसली. एकीकडं पुरुष, एकीकडं बायका. स्वामी वाळलेले, म्हातारे, कमी बोलणारे. शरणबसप्पा मामांनी सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून. आत्याबाई खांबाला टेकून मान खाली घालून बसलेल्या. मालक दाराशी घामाघूम.

स्वामींनी मला विचारलं, "मुली, गोळीत काय आहे ते तुला ठाऊक होतं?"

"व्हय. पहिल्या गोळीच्या आधीपासनं."

"ऐका, कबूल करतेय!" मामा म्हणाले.

"कबूल करायला म्या चोरी केलेली न्हाय, मामा. मोटारीत ओरडून सांगितलं, तेव्हा तर तुम्हाला कळलं." बायकांत खसखस पिकली. मी स्वामींकडं वळले. "स्वामीजी, एक विचारू? आपल्या गावचा देव कोण?"

"खंडोबा."

"त्याच्या दोन बायका. म्हाळसा कुणाची लेक?"

"लिंगायत वाण्याची," स्वामी म्हणाले.

"आन् बाणाई?"

"धनगराची."

"मेंढरांत वाढलेली. देव तिच्यासाठी धनगराघरी राबला, मेंढरं राखली आन् तिला घरी घेऊन आला. म्हाळसाबाई भांडल्या, रुसल्या, सगळं झालं. पण दोघी देवाशेजारी हायत. मेंढ्यांचा वास येतो म्हणून बाणाईला कुणी बाहेर घातलं न्हाय आन् म्हाळसेला कुणी म्हटलं न्हाय की तू बाटलीस. आमच्याच गावात देव असा बसलाय. मग माझ्या गळ्यात लिंगाशेजारी मेंढीची एवढीशी गाठ आली, तर मी कोठारात का?"

स्वामींच्या दाढीत हसू हाललं असं मला वाटलं, पण ते म्हणाले, "देवाचं देवापाशी. देवानं केलं ते माणसाला चालतंच असं नाही. माणसाचं सांग."

मामा खुशीत आले. मला मात्र वाईट वाटलं न्हाय. खरं बोलले स्वामी. मग म्याबी खरं तेच सांगितलं.

"माणसाचं सांगते. दोन वर्षं मी रोज लिंग तळहातावर घेऊन बसले. पण मला लिंग दिसायचं न्हाय, पुढचा श्वास दिसायचा. आरतीची एक ओळ म्हणायची आन् थांबायचं. पुढं तर मनातल्या मनातच म्हणायची, तिथंबी धाप लागायची. माझ्या गळ्यात लिंग होतं, पण त्याच्यासाठी माझ्यापाशी वारा न्हवता. आता हाय. तुमीच ऐका आन् मग काढा."

डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं, डोळ्यांसमोर धरलं आन् आरती उचलली.

आवाज आला. माझा आवाज! परंड्याच्या तटावरनं आईला हाक मारायची तो. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरीला वर चढायचं असतं, तिथं मी चढले. कुठं तुटलं न्हाय. शेवटची ओळ लांबवतात आमच्यात, जितका दम तितकी. म्या ती लांबवली, आणखी लांबवली. लहान पोरं तोंड उघडून बघत होती. म्हटलं, ऐका आता, रेडा कसा हंबरतो ते! दम संपायच्या आधी म्या आपणहून सोडली, तुटली म्हणून न्हाय.

स्वामींनी डोळे मिटलेले. उघडले तेव्हा ओले होते. "चवीसाठी खाल्लं असतं तर दोष," ते म्हणाले. "पोटासाठी खाल्लं असतं तरी दोष. हिनं श्वासासाठी घेतलं आणि तो श्वास लिंगाला वाहिला. लिंग राहील. गोळीही राहील."

मामा उठून उभे राहिले. "असं कसं स्वामीजी? उद्या जो तो मांस खाईल आन् औषध म्हणंल! घराण्याचा धर्म काय राहिला?"

"शरण्या, खाली बस."

हे स्वामी न्हाय बोलले. खांबापासनं आत्याबाई उठल्या होत्या. आन् मराठीत बोलत होत्या.

"तुला दमा होता तेव्हा मृगाच्या दिवशी कुठं गेला होतास?"

मामांच्या हातातली सुपारी खाली पडली. हैद्राबादेला मृगाला दम्याचं औषध देतात हे अख्ख्या मराठवाड्याला ठाऊक. छोट्या जित्या माशाच्या तोंडात औषध घालून तो मासाच गिळायला लावतात. न खाणाऱ्या माणसाला तेच औषध गुळात देतात. मामा गुळातच घेऊन आले होते, निदान त्यांनी तसं गावाला सांगितलं होतं.

"गुळात गुण कमी येतो म्हणालास आन् मासा गिळलास," आत्याबाई म्हणाल्या. "वळवळणारा! मी तुझ्या शेजारी उभी होते. तेव्हा कोणत्या स्वामीला विचारलंस? का तुझं लिंग काढायला मी मठात बैठक बसवली?"

अशी हसली बैठक, अशी हसली! पुरुषसुद्धा पालथी मूठ तोंडावर धरून. मामा पायताण शोधाया लागले, त्यांना एकच सापडलं, तसेच गेले.

मला मात्र हसू येईना. मला राग आला. म्हणजे भावाचा जिता मासा ह्या बाईनं इतकी वर्षं पोटात ठेवला आन् माझ्या अर्ध्या गोळीला उंबरा बंद! मठातनं बाहेर पडले तशी म्हणालेच, "आत्याबाई, तेव्हा तुमी गप्प बसलात, मग माझ्यावरच का?"

त्या चालता चालता थांबल्या. "तेव्हा गप्प बसले, ते अजून टोचतंय," त्या हळू म्हणाल्या. "म्हटलं, आता तरी धर्म पाळावा. भावावर धकलं न्हाय, ते सुनेवर काढलं." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "घरी चल."

मालक पुढं, आमी दोघी मागं. उंबऱ्याशी आले तेव्हा माझा पाय अडला. आत्याबाई सरळ आत गेल्या. स्वयंपाकघरातनं धूर येत होता. संध्याकाळची चूल पेटंना, तुराट्या ओल्या. त्या चुलीपुढं बसून फुंकणीनं फुंकत होत्या, खोकत होत्या, शिव्या देत होत्या, कानडीत. मी दारात उभीच.

त्यांनी मागं न बघता फुंकणी माझ्याकडं केली. "ऊद!" म्हणाल्या. कानडीत फुंक म्हणायचं.

मी आत गेले. चुलीपुढं मांडी घालून बसले. फुंकणी तोंडाला लावायच्या आधी श्वास घेतला. पोटापतुर गेला, पाठीपतुर गेला, कुठं अडला न्हाय. सगळा होता तेवढा फुंकला. तुराट्यांनी भडका घेतला, जाळ तव्याच्या वर गेला आन् चुलीतली सगळी राख उडून आत्याबाईंच्या तोंडावर बसली. भुवया पांढऱ्या, नाक पांढरं, कपाळावरचं भस्म कुठलं आन् चुलीतलं कुठलं ते कळंना.

"पुरे गं, पुरे!" त्या ओरडल्या. "घर पेटवतीस का?"

मालक धावत आले, आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् तसेच दुकानात पळाले. आमी दोघी चुलीपुढं हसून हसून आडव्या झालो. मग म्या परात ओढली आन् पीठ मळायला घेतलं.